किनाऱ्यावरचा बेस गिटार: गुणगुण, करकर आणि मध्येच गप्प बसणं

"दादा, हो बेस परत गुणगुणता. पिकअप गेलो काय?"

मृग लागला की असे फोन सुरू होतात, ते थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत ऑर्केस्ट्रावाले, चर्चच्या बँडमधली मुलं, घरी हौसेने वाजवणारे, सगळ्यांचा प्रश्न एकच. मी स्वतः बेस वाजवतो आणि गेली बरीच वर्षं हा एकच आजार दुरुस्त करत आलोय. खरोखर मेलेले पिकअप (तारांची थरथर पकडून तिचा सिग्नल करणारे भाग) आजवर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेत. दोष निघतो तो दोन धातू एकमेकांना टेकतात अशा कुठल्यातरी स्वस्त जागी. म्हणून नवा पिकअप मागवायच्या आधी खालच्या क्रमाने जा. क्रम मोडू नका. पहिल्या तीन पायऱ्यांना जवळजवळ पैसेच लागत नाहीत.

आधी नीट ऐका

"आवाज खराब येतो" एवढ्यावरून काही कळत नाही. नेमका कुठला आवाज, ते ठरवा.

सलग, खालची, वाजवा न वाजवा चालू राहणारी ती गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी सूर ४९ हर्ट्झचा आणि मोकळी जी तार ९८ ची. त्यामुळे विजेची गुणगुण आणि तिच्या दुपटीचा १०० चा भुणभुणाट, दोन्ही जी सुराच्या किंचित वर बसतात. मोकळी जी तार छेडून बघा. पार्श्वभूमीचा आवाज तिच्याशी जवळजवळ जुळतो पण जरासा चढा वाटतो, तर तो विजेचा. (गाणं जी मध्ये असेल तर अर्ध्या प्रेक्षकांना काही कळतही नाही, हा एक फायदा.)

नॉब फिरवली किंवा पिन हलवली की येते ती करकर. आवाज अचानक जातो आणि बेसला चापट मारली की परत येतो, ते गप्प बसणं. आवाज हळूहळू दबत, फाटत जातो, हे बॅटरीवर चालणाऱ्या अॅक्टिव्ह बेसमध्येच.

आणि पाचवं लक्षण. तारांना हात असताना ओठ माईकला लागला की चटका बसतो, किंवा तारांवर बोटांना झिणझिण्या येतात. असं होत असेल तर पुढचं काही करू नका. अॅम्पचं बटण बंद करा, प्लग काढा आणि शेवटचा भाग आधी वाचा.

इथेच का होतं?

पावसाळ्यात इथल्या हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८५-९० टक्क्यांच्या खाली उतरत नाही, आणि त्यात मीठ. मीठ हवेतलं पाणी ओढून धातूवर धरून ठेवतं. तांबं-पितळ हिरवं पडतं, निकेलच्या मुलाम्याला बारीक खड्डे पडतात. पिकअपमधून येणारा सिग्नल फार अशक्त असतो, हिरव्या-काळ्या थराच्या पलीकडे त्याला नीट जाता येत नाही. कुडाळ-कणकवलीकडे हाच प्रकार होतो, पण सावकाश. बंदराजवळच्या घरात दोन पावसाळे पुरतात.

पहिलं: दोष बेसचा आहे हे तरी नक्की करा

अॅम्पचा आवाज कमी ठेवून त्यातली वायर काढा. काहीच जोडलेलं नसताना अॅम्प गुणगुणत असेल तर बेस निर्दोष सुटला, भानगड अॅम्पची किंवा घरच्या विजेची. शांत झाला तर मात्र एवढ्यावरून वायरला दोषी धरू नका, निर्दोषही ठरवू नका. बहुतेक अॅम्पमध्ये पिन काढली की आतली जोडणी आपोआप आवाज बंद करते. वायर अॅम्पला लावून दुसरं टोक मोकळं सोडलं तर ती भुणभुणणारच, तेव्हा तिचा अँटेना झालेला असतो. त्यावरूनही निकाल देऊ नका. खरी परीक्षा एकच: दुसऱ्याची चांगली चालणारी वायर, दुसरा बेस, शक्य असेल तर दुसरा अॅम्प. एका वेळी एकच गोष्ट बदला. तिन्ही एकदम बदलून "आता ठीक वाटतंय" म्हणणारे पुढच्या रविवारी परत फोन करतात.

दुसरं: आजूबाजूचे आवाज

बेस गळ्यात घालून जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एका दिशेला गुणगुण वाढते आणि दुसऱ्या दिशेला जवळजवळ जाते? मग कुठे काही तुटलेलं नाही. पिकअप खोलीतली वीज पकडतोय. पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर, गणपतीतल्या दिव्यांच्या माळा एकेक करून बंद करा. लाइट गेली आणि घर इन्व्हर्टरवर आलं की काही ठिकाणी बेस एकदम किंचाळायला लागतो. तो स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असतो, साइन वेव्हवाल्यावर हा त्रास बराच कमी.

जॅझ बेसवाल्यांनी (दोन वेगळ्या पिकअपांचा बेस) हे लक्षात ठेवावं की त्यांचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की दोन पिकअप एकमेकांची गुणगुण खाऊन टाकतात. एक थोडा जरी कमी केला की ती परत डोकावते. तो त्या रचनेचा स्वभावच आहे. फेंडर कंपनीने १९५१ साली पहिला प्रिसिजन बेस काढला तेव्हा त्यालाही एकेरी कॉइलचाच पिकअप होता. १९५७ मध्ये तो दोन तुकड्यांत विभागला आणि गुणगुण गेली. कमी गुणगुणणाराच बेस हवा असेल तर दुरुस्तीपेक्षा खरेदीच्या वेळी हे ठरवलेलं बरं.

तिसरं: वायर आणि पिन

दहातले चार बेस इथेच बरे होतात. पी-३८ पिनची (वायरीच्या टोकाची जाड पिन) टोपी फिरवून काढा. आत वायरीच्या जाळीला हिरवट पावडर आलीय का, झाळ फुटलीय का, टोकाचा एखादा केस शेजारच्या पत्र्याला टेकलाय का, ते बघा. पिन बाहेरून काळवंडली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा. पॉलिश पेपर घासू नका. मुलामा गेला की पुढच्या पावसात ती दुप्पट वेगाने खराब होते.

मल्टिमीटर बीपवर ठेवा. एका पिनच्या टोकापासून दुसऱ्या पिनच्या टोकापर्यंत बीप यायला हवा, दांड्यापासून दांड्यापर्यंतही यायला हवा. टोक आणि दांडा यांच्यात मात्र येता कामा नये. मीटर लावलेला असतानाच पिनजवळ वायर वाकवून बघा. बीप अडखळला की रोगी सापडला. पुढचे पाच सेंटिमीटर कापून नवी पिन झाळा. पिन एका-दोन वडापावांच्या पैशात येते.

मंडपात नेहमी होणारी एक चूक: स्पीकरची वायर गिटारला लावणं. दोन्ही टोकांना पी-३८ असते, बाहेरून कळत नाही. पण स्पीकरच्या वायरीत सिग्नलभोवती जाळी नसते, त्यामुळे ती सगळ्या मंडपाची वीज गोळा करून आणते. टोपी उघडल्यावर आत दोन सारख्याच जाड तारा समांतर दिसल्या, तर ती वायर साउंडवाल्याला परत द्या.

चौथं: बॅटरी

फक्त अॅक्टिव्ह बेससाठी. यात वायरीची पिन घुसवली की ९ व्होल्टची बॅटरी चालू होते. पिन रात्रभर आत राहिली तर बॅटरी रात्रभर चालू. वाजवून झालं की पिन काढायची, एवढंच. मीटरवर ८ च्या खाली आली की बदला, आवाज फाटायची वाट बघू नका. पावसाळाभर बेस पेटीतच राहणार असेल तर बॅटरी काढून ठेवा. फुटलेल्या बॅटरीचं पाणी सर्किटवर गेलं की ती दुरुस्ती माझ्याही हाताबाहेरची.

पाचवं: न उघडता आतलं मोजणं

ही तपासणी मला फार आवडते, कारण एकही स्क्रू फिरवावा लागत नाही. साध्या, बिनबॅटरीच्या बेसला वायर लावा, दुसरं टोक मोकळं ठेवा, सगळे व्हॉल्यूम पूर्ण उघडा. मीटर २० किलो-ओहमच्या घरात ठेवून पिनच्या टोकाला आणि दांड्याला लावा. प्रिसिजन धाटणीचा बेस १० च्या आसपास दाखवतो. जॅझ धाटणीचा, दोन्ही पिकअप उघडे असताना, साधारण ३.५ ते ४.५.

आकडा आला आणि स्थिर राहिला तर पिकअप जिवंत आहेत, निवांत व्हा. शून्याच्या जवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मीटर "१" दाखवून बसला तर कुठेतरी तुटलंय, आणि बहुतेकदा ते जॅकवरच (बेसवर पिन जिथे घुसते ती जागा) तुटलेलं असतं. पिन हलवल्यावर आकडा नाचला तर जॅक दोषी. मीटर २०० किलो-ओहमच्या घरात नेऊन व्हॉल्यूम सावकाश फिरवताना तो धावण्याऐवजी उड्या मारत गेला तर पॉट (नॉबखालचा फिरता भाग). अॅक्टिव्ह बेसवर हे मोजमाप करू नका, मध्ये सर्किट असल्यामुळे आकड्याला अर्थ राहत नाही.

सहावं: जॅक

जॅकचा नट सैल होतो, वाजवणारा तो बाहेरून पान्याने आवळतो, आवळताना अख्खा जॅक आतल्या आत गोल फिरतो आणि वायरी पिळवटून तुटतात. माझ्याकडे येणाऱ्या "अचानक मेलेल्या" बेसपैकी कितीतरी असेच मारलेले असतात. नट आवळायचा असेल तर जॅकची पट्टी उघडा, आतून जॅक बोटांनी धरा आणि मगच पाना लावा.

पट्टी उघडलीच आहे तर आतली वाकडी जीभ बघा. पिनच्या टोकाला दाबून धरणारी ती पट्टी. तिच्या टेकण्याच्या जागी काळा ठिपका दिसेल. कान साफ करायच्या काडीवर अल्कोहोल घेऊन तो निघेपर्यंत पुसा. मग जीभ किंचित, अगदी एक मिलिमीटर, आत वाकवा. पिन घालताना "टक" असा आवाज आला पाहिजे. "फुस्स" करून सरकली तर जिभेत ताण उरलेला नाही, जॅक बदला. बदलताना चांगल्यातला घ्या. स्वस्त जॅक एका पावसाचा सोबती.

सातवं: पॉट

कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या आत, तीन पायांच्या वरच्या फटीतून, अगदी थोडा मारा. मग नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत २५-३० वेळा फिरवा. फिरवण्यानेच थर निघतो, नुसत्या फवाऱ्याने नाही. दहा मिनिटं सुकू द्या. सायकलच्या चेनला मारतात तो गंजाचा स्प्रे नको, त्याचा तेलकटपणा मागे राहतो आणि धूळ धरतो. खोबरेल घालून आणलेला एक बेसही मी पाहिलाय. नॉब लोण्यासारखी फिरत होती, आवाज मात्र नव्हता.

साफ करूनही महिन्याभरात करकर परत आली तर पॉट बदला. साध्या बेसला बहुधा २५० किलो-ओहमचा लागतो. जुन्याच्या पाठीवर लिहिलेलं वाचून तसाच घ्या.

आठवं: ब्रिजखालची वायर

आता खास आपल्या किनाऱ्याचा दोष. तारा हाताने धरल्या की गुणगुण कमी होते, सोडल्या की वाढते, हे बरोबर आहे, तसंच व्हायला हवं. अंगात शिरलेली वीज तारांतून, ब्रिजमधून (तारा खालच्या टोकाला अडकवायचा पत्रा), अॅम्पच्या अर्थिंगकडे जाते. तारा धरून काहीच फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला बोट लावलं की गुणगुण गपकन कमी होते? मग ब्रिज आणि जॅक यांच्यामधली वायर कामातून गेलीय. ही परीक्षा पाच सेकंदांची आहे. मला ती कळायला तीन वर्षं लागली.

वेंगुर्ल्याकडचा एक मुलगा बेस घेऊन आला होता. आधी दुसऱ्या ठिकाणी दाखवून त्याने पिकअप बदलले होते, मग पॉट, मग जॅक. "सगळा नवा घातलंय दादा, तरी तसाच." तारा सैल केल्या, ब्रिजचे पाच स्क्रू काढले. दोन सहज आले, तिघांनी करकरत गंज ओकला. ब्रिज उचलला. लाकडातल्या बारीक भोकातून एक उघडी तार बाहेर येऊन नुसतीच ब्रिजखाली दाबलेली होती, कारखान्यातून बहुतेक बेस असेच येतात. तारेचं टोक गडद हिरवं. नख लावलं तर मोरचूदासारखी पावडर झाली आणि तार तुटून हातात आली. ब्रिजच्या पोटावर तिचा तसाच हिरवा वळ. हजारोंचे पिकअप नवे, आणि दोन सेंटिमीटरची तार जुनी.

उपाय असा. हिरवा भाग कापा, इन्सुलेशन थोडं मागे सोला, तारा चमकेपर्यंत बारीक पॉलिश पेपरने घासा आणि झाडूसारख्या पसरवा. ब्रिजच्या पोटावरची तेवढीच जागा उघडी करा. काळ्या ब्रिजवर रंगाचा थर असतो, तो खरवडल्याशिवाय तार टेकून उपयोग नाही. ब्रिज परत बसवून मीटरने ब्रिज आणि जॅकचा दांडा यांच्यात मोजा. एक-दोन ओहमपेक्षा जास्त नको.

फक्त एक सावधगिरी. ईएमजीसारख्या काही अॅक्टिव्ह पिकअपच्या बेसमध्ये ही वायर मुद्दामच जोडलेली नसते. तिथे ती "विसरलीय" म्हणून जोडून देऊ नका.

नववं: झाळणं

२५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न वायरींना पुरतो, पॉटच्या पाठीला जरा जास्त उष्णता लागते. पाठीवर आयर्न धरून बसू नका, आतला कार्बन जळतो. झाळ चकचकीत आणि पसरलेली हवी, मण्यासारखी गोळा झालेली म्हणजे कच्ची. आणि नळाच्या कामातली आम्लाची पेस्ट इथे चालत नाही. ती आज झाळायला मदत करते, पुढच्या पावसात वायर खाऊन टाकते. हात बसलेला नसेल तर आधी जुन्या रेडिओवर सराव करा. किंवा इथेच थांबा, त्यात कमीपणा काही नाही.

कुठे थांबायचं

पिकअपची कॉइल आतून तुटली असेल तर हात लावू नका. ती तार केसाइतकी बारीक, ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. ती गुंडाळणाऱ्याकडेच द्या, किंवा नवा पिकअप घ्या. अॅक्टिव्ह बेसचं सर्किट बॅटरीच्या पाण्याने खाल्लं असेल तर तेही जाणकाराकडे. अॅम्प उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, आणि व्हॉल्व्हच्या अॅम्पमध्ये ती जीव घेण्याइतकी असते.

आता चटक्याबद्दल. झिणझिण्या येत असतील तर गिटारवाल्याला नाही, वायरमनला बोलवा. बेसच्या तारा वायरीच्या जाळीतून अॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात आणि तो पत्रा अर्थिंगला. अर्थिंग नसेल तर अॅम्पमध्ये झिरपणारी वीज तारांवर येऊन बसते. माईक दुसऱ्या बोर्डावरच्या मिक्सरला जोडलेला असतो. हात तारांवर, ओठ माईकवर, आणि दोघांच्या मध्ये तुमची छाती. वर खळं (अंगण) ओलं, पाय अनवाणी.

गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची जाड पिन कापणारे लोक आहेत. गुणगुण खरंच जाते. सोबत तुम्हाला वाचवणारी वाटही जाते. अॅम्प आणि मिक्सर दोन्ही जोडल्यावरच गुणगुण येत असेल तर डीआय बॉक्स (बेस आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायचा छोटा डबा) मध्ये घ्या आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त सिग्नलच्या वायरीतली ग्राउंडची जोडणी तोडतं, सुरक्षेची अर्थिंग नाही. शक्य तिथे सगळं सामान एकाच बोर्डावर घ्या, आणि त्या बोर्डाच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज झिरपली की लगेच लाइन तोडणारा स्विच) आहे का, ते विचारा.

मे महिन्यात गुणगुण वाढते आणि पहिल्या पावसानंतर कमी होते, असा अनुभव असेल तर अर्थिंगचा खड्डाच बघायला सांगा. जांभ्यात खणलेला खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो आणि कोरडी जमीन वीज नीट वाहून नेत नाही. वायरमन खड्ड्याचं मोजमाप घेईल, मीठ-कोळसा बदलेल. तोवर खड्ड्यात पाणी घालत राहायला सांगेल. आमच्या घरी आई ते तुळशीला घालतानाच घालते. मंडपात जनरेटर असेल तर त्याची अर्थिंग जमिनीत खरोखर ठोकलीय का, हे साउंडवाल्याला वाजवण्यापूर्वी विचारा. रागावला तर रागावू दे.

बेस कारागिराकडे द्याल तेव्हा पाचव्या पायरीतले आकडे आणि कुठल्या लक्षणाला काय केलं, ते चिठ्ठीवर लिहून पेटीत ठेवा, आणि काढलेले जुने भाग परत मागा. आणि द्यायचा तर आषाढात द्या. श्रावण संपला की कुडाळपासून म्हापशापर्यंत कुणाच्याही टेबलावर जागा नसते, आणि चतुर्थीच्या आठवड्यात माझा फोन लागला तरी मी उचलणार नाही. मी माटवात (मंडपात) असतो, माझाच बेस गुणगुणत असतो.